बारीतून पडद्यावर, पडद्यावरून मांडवात

व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' १९७२ साली पडद्यावर आला. तेव्हापासून तबकडी गेली, कॅसेट आली आणि तीही गेली, तालुक्याच्या गावची एकपडदा चित्रपटगृहं एकेक करून बंद पडली. 'पिंजरा'तल्या लावण्या मात्र सातारा-सांगलीच्या मुलखात अजून जागच्या जागी आहेत. वरातीत बँडवाले त्या वाजवतात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नऊवारी नेसलेल्या मुली त्यांवर नाचतात, गावच्या यात्रेत रंगबाजी सुरू झाली की त्यांची फर्माईश येते. या टिकाऊपणाचं कारण विचारलं की दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, जुनं ते सोनं. दोन, चित्रपट चालला म्हणून गाणीही चालली. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. त्या काळात चाललेले चित्रपट काही थोडे नव्हते, आणि त्यांतली बहुतेक गाणी आज नुसती ऐकली जातात. 'पिंजरा'ची लावणी लोक करून दाखवतात. सगळी मेख इथे आहे. या लेखाचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या हाती सोपवता येतं तेच गाणं टिकतं. आणि 'पिंजरा'च्या गाण्यांची ही घडण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जन्माला आली नाही, ती तमाशाच्या बारी आणि फडाच्या जुन्या धंद्यातून उचललेली होती. हे पडताळून पाहायचं तर वाईला जावं. कारण त्याच धंद्याचं दुसरं, पडद्यावर न मावलेलं अंग या गावात एका बाईच्या गळ्यात शंभरीपर्यंत नांदत होतं.

वाईचं नाव निघालं की आधी आठवतात ते कृष्णेचे घाट, पेशवाईतल्या रास्ते घराण्याने बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली इथेच आकाराला आलेला मराठी विश्वकोश. विश्वकोशाचा पहिला खंड निघाला १९७६ साली, म्हणजे 'पिंजरा'नंतर चार वर्षांनी. शास्त्र्या-पंडितांची वाई ती हीच. पण दुसरी एक वाई तिच्या शेजारीच होती. पाचगणीच्या घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पसरणीत १९२३ साली कृष्णराव साबळे जन्मले. पुढे शाहीर साबळे म्हणून त्यांनी लोकगीत आणि लोकनाट्य मुंबईच्या रंगमंचावर नेलं. त्यांच्या आवाजात घरोघर पोचलेलं महाराष्ट्रगीत २०२३ साली राज्यगीत ठरलं. त्यांच्याआधी काही वर्षं, ३१ डिसेंबर १९१५ रोजी, कोल्हाटी समाजात यमुना जावळे जन्मली. लावणीच्या दुनियेने तिला यमुनाबाई वाईकर म्हणून ओळखलं. गावाचं नाव आडनावासारखं लावणं ही तमाशातली जुनी रीत. नारायणगावकर, नगरकर, कवलापूरकर ही नावं अशीच झाली. कलावंताची ओळख घराण्यावरून न होता गावावरून व्हायची, आणि ज्या गावाने त्या कलावंताला वेशीबाहेर ठेवलं त्याच गावाचं नाव तो कलावंत मुलूखभर मिरवायचा. पाठशाळेच्या वाईत मंत्र तोंडपाठ करून पुढच्या पिढीला दिला जायचा. यमुनाबाईंच्या वाईत लावणी तशीच तोंडी दिली जायची. दोन्ही विद्यांचा भर हस्तांतरावर होता. फक्त एकीला दक्षिणा मिळायची, दुसरीला दौलतजादा.

लावणीचा हा प्रवास समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागेल. उत्तर पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम, होनाजी बाळा अशा शाहिरांनी लावणीला जे रूप दिलं, त्यात दोन धारा पहिल्यापासून दिसतात. एक धारा उघड्या मैदानातली: ढोलकी, तुणतुणं, कडं, झांज, आणि शेवटची ओळ उचलून धरणारे झीलकरी. दुसरी बैठकीतली: सावकाश, रागदारीकडे झुकणारी, शब्दाचा एकेक पदर उलगडणारी. ढोलकीच्या जागी तबला आणून लावणी बैठकीत बसवण्याचं श्रेय होनाजीला दिलं जातं. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने ही दुसरी धारा फोफावली. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि राजाश्रय आटला. मग शाहिरांचा आश्रयदाता बदलला. सरदाराच्या जागी जत्रेतला शेतकरी आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतला कामगार आला. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ब्राह्मणपण बाजूला ठेवून फडात उतरले आणि पठ्ठे बापूराव झाले, ते या नव्या आश्रयदात्याच्या जोरावर. पवळाबाईंच्या साथीने त्यांचा फड गाजला. १९४५ साली मात्र ते विपन्नावस्थेत वारले. त्याच जिल्ह्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळूंनी पुढे वगाची परंपरा चालवली. म्हणजे कृष्णाकाठचा हा पट्टा लावणीचा नुसता श्रोता नव्हता, तो तिचा कारखाना होता.

या कारखान्याचं अर्थशास्त्र पाहिलं की गाणं का टिकतं याचा पहिला पुरावा हाती लागतो. तमाशाचे ढोबळमानाने दोन प्रकार. ढोलकी-फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग. यात्रेच्या हंगामासाठी गावकारभाऱ्यांनी फडमालकाला सुपारी द्यायची आणि फडाने गावोगाव मुक्काम हलवत राहायचं. संगीत बारीत वग नाही. पेटी, तबला, ढोलकी आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया. पुण्याचं आर्यभूषण किंवा दौंडजवळचं चौफुला अशा ठिकाणच्या थिएटरात एका पार्टीची बारी झाली की दुसरीची. इथे पैसा येतो तो फर्माईशीतून. रसिक दौलतजादा करतो आणि एखादी लावणी पुन्हा म्हणायला लावतो. याचा अर्थ असा की बारीत प्रत्येक गाण्याची रोज परीक्षा होते आणि परीक्षक खिशातून पैसे काढणारा असतो. ज्या लावणीला पुन्हा मागणी नाही, ती चार-सहा महिन्यांत संचातून गळते. जी पंधरा वर्षं मागितली जाते, ती तरण्या पोरीला शिकवली जाते, कारण ती पोटाला भाकर देते. अशा पद्धतीत गाणं तासून तासून निघतं. मुखडा चटकन लक्षात राहील इतका तोकडा होतो, झील धरायला सोपी होते, कडव्यांच्या मध्ये पायांना आणि ढोलकीवाल्याच्या हातांना मोकळी जागा ठेवली जाते, आणि शेवटाकडे लय चढवायची सोय केली जाते. कुणा एका प्रतिभावंताने ठरवून केलेली ही रचना नव्हे. हजारो रात्रींच्या फर्माईशींनी घडवलेली आहे.

यमुनाबाई या व्यवस्थेत वाढल्या, पण त्यांची ओढ दुसऱ्या धारेकडे होती. लहानपण हलाखीचं, पोटासाठी गाणं आणि पायपीट त्यांना घरातूनच मिळाली. पुढे बहिणी मिळून 'यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी' उभी राहिली आणि तिचं नाव झालं. यमुनाबाईंचं खरं सामर्थ्य बसून केलेल्या अदाकारीत होतं. एकच ओळ त्या पुन्हा पुन्हा घेत, आणि दर खेपेला डोळे, भुवया, मान, हाताची बोटं आणि स्वराचा लगाव यांतून त्या ओळीचा वेगळा अर्थ समोर ठेवत. रुसवा, लाडीगोडी, टोमणा, विनवणी, सगळं त्याच चार-सहा शब्दांत. ठुमरी गाणाऱ्या बाईला उत्तरेत जी मोकळीक होती तीच इथे होती. फरक एवढाच, की ठुमरीला पुढे संगीतसभेचं व्यासपीठ मिळालं आणि बैठकीच्या लावणीला ते फार उशिरा, अशोक रानडे यांच्यासारख्या संगीतज्ञांनी लक्ष घातल्यावर मिळालं. यमुनाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९५ साली आणि पद्मश्री २०१२ साली मिळाली, तेव्हा त्या अनुक्रमे ऐंशीच्या घरात आणि शंभरीच्या जवळ होत्या. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, वाईतच त्यांचं निधन झालं. त्यांचं नाव महाराष्ट्राने आदराने घेतलं. पण त्यांची एखादी लावणी किती जणांना म्हणता येईल, असा प्रश्न केला तर शांतता पसरेल. आणि 'पिंजरा'तल्या लावणीचा मुखडा मात्र समोरचा कोणीही पुरा करील. या विरोधाभासाचं उत्तर दिल्याशिवाय टिकाऊपणाबद्दलचं कोणतंही मत पुरं होत नाही.

पडद्यावरच्या लावणीची गोष्ट 'पिंजरा'च्या बरीच आधी सुरू होते. १९४७ साली शांतारामांच्या राजकमलचा 'लोकशाहीर राम जोशी' आला आणि पांढरपेशा प्रेक्षकाने चित्रपटगृहात बसून तमाशा पाहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने खऱ्या तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या समितीनंतर, संहिता तपासून घेण्याच्या अटीवर, तो पुन्हा सुरू झाला. मैदानातल्या तमाशावर सरकारचा डोळा आणि पडद्यावरच्या तमाशाला टाळ्या, असा तो काळ होता. अनंत माने यांचा १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला आणि तमाशापट हा मराठी चित्रपटाचा हुकमी प्रकार बनला. 'पिंजरा' या रांगेतला. पटकथाही अनंत माने यांचीच. मूळ कल्पना मात्र १९३० सालच्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटातली. तिथला शिक्षक कॅबरेतल्या गायिकेपायी उद्ध्वस्त होतो, इथला मास्तर तमाशातल्या बाईपायी. कथा जर्मनीतून आली, पण माणसं पाहा. मास्तरांच्या भूमिकेतले डॉ. श्रीराम लागू जन्माने साताऱ्याचे. संगीतकार राम कदम मिरजेचे. गायिका उषा मंगेशकर; मंगेशकर भावंडांच्या बालपणातली काही वर्षं दीनानाथांच्या सांगलीतल्या घरात गेलेली. गीतकार जगदीश खेबूडकर शेजारच्या कोल्हापूरचे, आणि पेशाने स्वतः शिक्षक. मास्तराच्या ऱ्हासाच्या कथेला गाणी एका मास्तराने लिहिली, हा योगायोगही मोठा गमतीचा. चित्रपटाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

राम कदमांचं मिरज हे तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांचं गाव, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी ज्याला घर मानलं ते गाव. आणि त्याच मिरजेच्या आसपास यात्रांच्या हंगामात फडांची वर्दळ. म्हणजे रागदारी आणि ढोलकी, दोन्ही कानांवर पडत असलेल्या मुलखातून हा संगीतकार आला. 'पिंजरा'च्या आधी 'केला इशारा जाता जाता', 'एक गाव बारा भानगडी' अशा तमाशापटांना संगीत देऊन त्यांचा हात बसलेला होता. तबकडीच्या एका बाजूला मावेल एवढ्या तीन-चार मिनिटांत लावणी बसवायची, ही अडचण त्यांच्यापुढे होती. बारीत तीच लावणी अर्धा अर्धा तास रंगायची. त्यांनी काय कापलं आणि काय ठेवलं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. एकाच ओळीवरची लांबलचक अदाकारी कापली गेली, कारण ती कॅमेऱ्याने करायची होती. ठेवला गेला तो सांगाडा: ढोलकीची खणखणीत सुरुवात, लगेच पकडता येणारा मुखडा, बायकांच्या घोळक्याने उचललेली झील, कडव्यांमधला ढोलकीचा तोडा आणि शेवटी चढणारी लय. खेबूडकरांनी शब्द बोलीतले, तोंडात घोळणारे ठेवले. सवाल टाकल्यासारखी ओळ आणि तिचं उत्तर दिल्यासारखी पुढची ओळ. उषाबाईंनी ठसक्यावर भर दिला आणि ताना-हरकतींत फार शिरल्या नाहीत. परिणाम असा झाला की हे गाणं उत्तम गळ्याची बाई म्हणू शकते आणि साध्या गळ्याचीही म्हणू शकते. कमी-अधिक होईल, पण ओळख पटल्यावाचून राहणार नाही. क्लॅरिनेटवर वाजवलं तरी तेच गाणं, बेंजोवर वाजवलं तरी तेच, आणि शब्द काढून नुसती ढोलकी ठेवली तरी पाय त्याच ठेक्यावर पडतात.

हे केवळ मराठी मुलखाचं वैशिष्ट्य नाही, हे दाखवायला त्याच १९७२ सालचं एक परदेशी उदाहरण उपयोगी पडेल. डीप पर्पल या इंग्रज हार्ड रॉक संचाची 'मशीन हेड' ही तबकडी त्या वर्षी निघाली. तिच्यातलं 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी लागलेल्या आगीवर आहे. फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कॅसिनोला आग लागली, आणि ध्वनिमुद्रणासाठी तिथे येऊन राहिलेल्या या संचाने तळ्यावर पसरलेला धूर पाहिला. स्वतंत्र तबकडी म्हणून हे गाणं काढायचं सुचायलाही १९७३ उजाडलं. आज त्या आगीची हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते, पण रिची ब्लॅकमोरच्या गिटारवरची सुरुवातीची स्वरावली जगभरच्या शिकाऊ पोरांच्या बोटांत आहे. गिटार हाती घेतल्यावर पहिल्या आठवड्यात वाजवता येते म्हणून ती शिकली जाते, आणि शिकली जाते म्हणून ती मरत नाही. त्याच पिढीतली हार्ड रॉकची कितीतरी गाणी यापेक्षा अवघड, कदाचित अधिक डौलदार आहेत. ती ऐकणाऱ्यांच्या कपाटात राहिली. माँत्रोची स्वरावली आणि मिरजेच्या संगीतकाराचा मुखडा यांत स्वरांचं काही नातं नाही. नातं आहे ते घडणीचं. दोन्हींत ऐकणाऱ्याला करणारा बनवण्याची ताकद आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सगळं चित्रपटाचं देणं आहे. नायिका संध्याबाईंचा नाच, शांतारामांचं नाव, निळू फुल्यांची नजर आणि रंगीत पडदा यांनीच गाणी लोकांच्या मनात ठसवली. सुरुवातीचा धक्का चित्रपटाने दिला, हे मान्य. पण धक्क्याने सुरू झालेली गोष्ट पन्नास वर्षं चालत राहते ती स्वतःच्या बळावर. आणि इथे एक पुरावा या आक्षेपाच्या थेट विरुद्ध जातो. 'पिंजरा'चा बोध तमाशाच्या बाजूचा नाही. आदर्श मास्तर तमाशाच्या नादाने धुळीला मिळतो, हा त्याचा गाभा. चित्रपटामुळेच गाणी टिकली असती तर हा बोधही त्यांच्यासोबत टिकायला हवा होता. घडलं उलटंच. मास्तरांचा अधःपात विस्मृतीत गेला आणि त्यांना अधःपाताला नेणारी गाणी शाळेच्याच गॅदरिंगमध्ये, मास्तरांच्याच देखरेखीखाली, पालकांच्या टाळ्यांत होऊ लागली. आजच्या नाचणाऱ्या मुलींपैकी कितीजणींनी चित्रपट पुरा पाहिला असेल, याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. आठवणींच्या ओढीचं स्पष्टीकरणही इथेच लंगडं पडतं. १९७२ सालच्या दुष्काळात तारुण्यात असलेल्यांना त्या गाण्यांत आपला काळ सापडत असेल. पंधरा वर्षांच्या मुलीला त्यात कोणता गतकाळ सापडणार? तिला सापडतो तो ठेका, आणि त्या ठेक्यात स्वतःला मिरवायला मिळालेली जागा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो जाणकारांचा आहे. पडद्यावरच्या लावणीने बैठकीची लावणी मारली, असं ते म्हणतात. बारीतला रसिक चित्रपटातल्याच गाण्याची फर्माईश करू लागला, मग सावकाश उलगडणारी लावणी शिकवण्यात अर्थ उरला नाही. ती शिकलेल्या बाया म्हाताऱ्या झाल्या आणि तरण्या पोरी पडद्यावरच्या नाचाची नक्कल करू लागल्या. यात बरंच खरं आहे. मात्र दोष एकट्या चित्रपटावर टाकता येत नाही. बैठकीला लागणारा दर्दी आणि सधन श्रोता जमीनदारी-संस्थानांच्या अस्ताबरोबर पातळ होत गेला होता. रात्रभर एका ओळीवर खिळून बसणारी सवडही त्याच्याबरोबर गेली. शिवाय चित्रपटाच्या आणि रेडिओच्या वाटेने लावणी घराघरात पोचली नसती तर तमाशाच्या दारापर्यंत कधीच न गेलेल्या लाखो बायकांनी ती ऐकलीच नसती. सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन, न नाचता, एका जागी उभ्या राहून लावणी गायच्या आणि ती मध्यमवर्गाने आपली मानली, हे याच वाटेवरचं फळ. तरीही या आक्षेपाने एक गोष्ट सिद्ध होते, आणि ती या लेखाच्या म्हणण्याला बळच देते. 'पिंजरा'ची लावणी टिकली ती यमुनाबाईंच्या लावणीहून श्रेष्ठ होती म्हणून नव्हे. यमुनाबाईंचं गाणं गाण्यासाठी यमुनाबाईंइतकी वर्षं घालवावी लागत. ते दुसऱ्याला सोपवायला पिढीचा सहवास हवा होता, आणि 'पिंजरा'च्या मुखड्याला एक संध्याकाळ पुरत होती. टिकाऊपणा हा गुणवत्तेचा दाखला नाही. तो सोपवणं किती सुलभ आहे याचा दाखला आहे. लोकप्रियतेवरून कलेची पायरी ठरवणारे आणि लोकप्रियतेला नाक मुरडणारे, दोघेही हा भेद विसरतात.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. ज्या धंद्याने ही गाणी घडवली तो कोल्हाटी आणि इतर जातींतल्या बायकांच्या असहायतेवर उभा होता. त्या गाण्यांचं कौतुक करणं म्हणजे त्या व्यवस्थेवर पांघरूण घालणं नव्हे काय? किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' हे १९९४ सालचं आत्मकथन वाचलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येणार नाही. आईच्या नाचावर घर जगतं आणि त्याच नाचापायी पोराला बापाचं नाव मिळत नाही, हे वास्तव फर्माईशीच्या टाळ्यांआड दडलेलं होतं. म्हणूनच दौलतजादाने गाणं घासून निघालं असं म्हणताना त्या घासण्यात माणसंही झिजली हे सांगायला हवं. पण या आक्षेपातून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे गाणंच त्याज्य ठरवणं, हा त्याच बायकांवर दुसरा अन्याय आहे. व्यवस्थेने त्यांना जे भोगायला लावलं ते त्यांचं नव्हतं. त्यांनी त्यातून जे घडवलं ते मात्र त्यांचं होतं. झील कुठे उचलायची, कडव्यानंतर ढोलकीला किती वाव द्यायचा, समोरच्या नजरेला कोणत्या अदेने थोपवायचं, हे ज्ञान त्यांच्या पिढ्यांनी कमावलं. राम कदमांच्या हाती जो सांगाडा आला त्यावर कुणाची सही नव्हती, म्हणून श्रेयनामावलीत त्या बायकांना जागा मिळाली नाही. कारागिराचं नाव न घालता माल विकण्याची रीत लावणीपुरतीच नाही, पण लावणीत ती जास्त खटकते. कारण इथे कारागिराला मालापेक्षा हलकं मानलं गेलं. मुलीने शाळेच्या मंचावर ती लावणी केली तर कौतुक, आणि तीच लावणी जिच्या आजीने घडवली तिला त्या मंचावर बोलवायला संकोच, ही दुटप्पी वागणूक गाणं टाकून देऊन सुटणार नाही. श्रेय परत देऊन कदाचित सुटेल.

त्या दिशेने काही पावलं पडलेली आहेत. भूषण कोरगावकर यांनी 'संगीत बारी' या पुस्तकात बारीतल्या बायकांचं जग त्यांच्या बाजूने लिहिलं. सावित्री मेधातुल यांनी त्याच बायकांवर अनुबोधपट केला. आणि त्यातून उभ्या राहिलेल्या रंगमंचीय कार्यक्रमात शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या पारंपरिक कलावंत बसून करायची अदाकारी नव्या प्रेक्षकासमोर ठेवतात. दुसरीकडे २०१० सालच्या 'नटरंग'ने अजय-अतुल यांच्या संगीतातून हेच दाखवून दिलं, की जुना सांगाडा नव्या वाद्यमेळातही उभा राहतो. त्याही लावणीत ढोलकीची सुरुवात, पकडता येणारा मुखडा आणि समूहाची साथ आहे. आणि तीही बघता बघता वरातीत आणि गॅदरिंगमध्ये पोचली. 'पिंजरा'नंतर अडतीस वर्षांनी दुसऱ्या पिढीच्या हातून तीच घडण पुन्हा यशस्वी व्हावी, हा या लेखातल्या म्हणण्याचा सर्वांत सरळ पुरावा आहे. एका गाण्याची जादू, एका नटीचा ठसका किंवा एका काळाची हुरहूर यांनी हे यश उलगडत नाही.

यातून वाईसाठी एक धडा निघतो. यमुनाबाई गेल्यावर त्यांच्या ध्वनिफिती जपाव्यात, त्यांचं स्मारक व्हावं, अशी भाषा होते. ध्वनिफिती जपाव्यातच. पण ध्वनिफीत गाणं साठवते, सोपवत नाही. ज्या गावाने संस्कृत विद्येसाठी पाठशाळा उभारली आणि शब्दांची विद्या खंडांमागून खंड काढून जपली, त्या गावाला विद्या कशी टिकते हे वेगळं शिकवायची गरज नसावी. पाठशाळेतला ग्रंथ कपाटात होता म्हणून ती परंपरा चालली नाही. गुरूसमोर विद्यार्थी बसत होता म्हणून चालली. बैठकीच्या लावणीला हेच लागेल: तिच्या जाणकार बायांना मानधन देऊन गुरू म्हणून बसवणारी आणि पोरींना पाच-सात वर्षं त्यांच्यापुढे बसू देणारी जागा. 'पिंजरा'च्या लावणीला अशा मदतीची गरज नाही. तिला बाजारच सांभाळतो आणि पुढेही सांभाळील. जे सोपवायला सोपं ते लोक आपणहून सोपवतात. जे सोपवायला अवघड, त्याचा खर्च समाजाला जाणूनबुजून उचलावा लागतो. नाही उचलला, तर यमुनाबाईंच्या नावाचे पुरस्कार राहतील आणि त्यांची एकही ओळ त्यांच्यासारखी म्हणणारं कोणी राहणार नाही.